मुख्य आधी, झालर मागून

सोनपेठात फोन करायचा तर तो आधी अक्कांना म्हणून दाखवावा लागे.

ऐकणाऱ्याला ही थाप वाटते, पण तसंच होतं. "अक्का, एक फोन लावायचाय," म्हणत कुणी दुकानाची पायरी चढलं की अक्का पायाखालची शिलाई मशीन थांबवत, ओठांत धरलेली टाचणी काढून उशीत खोचत आणि समोरच्या बाकाकडे हात करत.

"बस. काय बोलनार हाईस?"

नवखा माणूस गडबडून जाई. "काय म्हंजे? फोन करायचाय."

"त्ये कळलं. तिकडून उचलल्यावर काय बोलनार? म्हनून दाखव."

मग तो बिचारा बाकावर बसून सुरुवात करी. "हॅलो, मामा, मी बाळू बोलायलोय, सोनपेठाहून. नमस्कार. पाऊसपाणी कसं हाय? मामी बऱ्या हायत का? पिंटू शाळंत जातो का? इकडं सगळं ठीक. आबाचा गुडघा तेवढा दुखायलाय..."

"थांब," अक्का म्हणत. "फोन कशापायी करायलास?"

"परवा पोरगी बघायला जायचंय. मामानं यावं म्हनून."

"मग ती पोरगी कुठं हाय ह्यात? पिंटूला शाळंत घातलास, आबाचा गुडघा शेकलास, आन् लगीन ऱ्हायलं भायेर. मुख्य आधी, झालर मागून. 'मामा, परवा पोरगी बघायला जायचंय, उद्या सांजच्याला या.' एवढं झालं की मग पिंटू, पाऊस, गुडघा. जा आत."

बाळू काचेच्या केबिनमध्ये जाई आणि अक्का पुन्हा मशीन चालवू लागत. पण कान केबिनकडे. बाळूने चुकून जरी "पाऊसपाणी कसं हाय" ने सुरुवात केली, तर काचेवर कात्रीच्या मुठीची टकटक ठरलेली.

अक्का मूळच्या शिवणकाम करणाऱ्या. जातीने लिंगायत, कपाळाला विभूतीचे पट्टे, गळ्यात लिंगाची चांदीची डबी आणि त्याच गळ्यात मोजपट्टी. अंघोळीला जाताना डबी काढत नसत हे समजू शकतं; मोजपट्टीही काढत नसत असं गावात बोललं जाई. त्यांच्या दृष्टीने बोलणं हे एक कापड होतं. ते आधी बेतावं लागतं, नको तिथलं कापावं लागतं, मग शिवायला घ्यायचं. "बोलनं बेतून आन," असं त्या सरळ तोंडावर सांगत. बरं, लोक जास्त बोलले तर फायदा त्यांचाच होता. मीटरचे लाल आकडे पळत होते ते त्यांच्याच दुकानात. हे कुणी त्यांना सांगितलं की त्या म्हणत, "ब्लाउजाला तीन मीटर कापड लावून घालशील का? मग?"

मी तेव्हा तिथल्या शाळेत नव्याने लागलेली शिक्षिका. नवरा नाशिकला कारखान्यात, मी इथे सोनपेठात, आणि मधे सरकारी नोकरी सोडायची नाही असा दोन्ही घरांचा ठराव. अक्कांच्या दुकानामागची खोली मला भाड्याने मिळाली होती. खोलीत पंखा नव्हता, पण भिंतीपलीकडे एसटीडी होतं, आणि त्या काळात पंख्यापेक्षा ते मोठं होतं. गोष्ट नव्वद सालानंतरची आहे. विद्यापीठाच्या नामांतराचा वाद अजून मिटला नव्हता. कधी एका बाजूचा बंद असे, कधी दुसरीचा. एसटी उभ्याच राहत आणि गावातली माणसं गावातच अडकत. अशा दिवशी दोन्ही बाजूंची माणसं अक्कांच्या एकाच बाकावर शेजारी बसून आपापली खुशाली बेतून घेत. एकाचं म्हणून झालं की दुसरा आपसूक म्हणे, "ह्याचं लांबलंय अक्का, मधलं काढा की."

फोनचं अक्कांना कोण कौतुक! गावात फोनला शिव्या घालणारे पुष्कळ होते. लाईन मेली, खरखर येते, लावला परभणीला आणि लागला पाथरीला. अक्का मात्र एक शब्द ऐकून घेत नसत.

"तरक्की बघा की जरा!" त्या म्हणत. "पयले काय व्हतं? पोस्टात जाऊन ट्रंककॉल लावायचा. सकाळी लावला तर दुपारी लागनार, न्हाई तर न्हाईच लागनार. परभनीला फोन करण्यापरीस परभनीला जाऊन येनं लवकर व्हायचं. लोक दशम्या बांधून येत हुते फोनला! आन् आता? बटनं दाबली की मुंबई. मधी कोन न्हाई, आडवं कोन न्हाई. आन् तुमी खरखर सांगायलाव मला!"

खरखरीलाही त्यांच्याकडे उत्तर होतं. "इतक्या लांबून यायलाय आवाज. वाटंनं धूळ लागनारच की."

बूथ मिळाल्यावर त्यांनी पहिलं काम काय केलं, तर फोनला कपडे शिवले. खाली गुलाबी साटीन, वर जाळी, कडेला झालर. रिसिव्हरला वेगळी खोळ, मीटरला वेगळी. भिंतीवरून येणाऱ्या वायरलाही त्यांनी फुलाफुलांची नळी शिवून घातली होती. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटे, इथे फोनचं लग्न आहे. लाईनमन तार जोडायला आला तेव्हा ती नळी उसवून घ्यायला अक्का तयार होईनात. शेवटी हुकं लावलेली नळी शिवली, म्हणजे लाईनमन आला की हुकं काढायची आणि गेला की लावायची. लाईनमन खांबावर चढायला घाबरत नसे, पण ती हुकं काढताना लाजत असे.

याच लाईनमनने एकदा चहा पिता पिता सांगितलं, "अक्का, ह्ये तर काईच न्हाई. पुढं पुढं फोनात समोरचं मानूस दिसनार हाय म्हने. चिठ्ठी पन फोनातूनच जानार."

सगळे हसले. मीही हसले. अक्का हसल्या नाहीत. त्यांनी मशीन थांबवली आणि गंभीरपणे विचार केला.

"म्हंजी फोनवर यायचं तर बायकांनला चांगलं नेसून यावं लागंल."

"लागंल की."

"चांगलं हाय," अक्का म्हणाल्या. "ब्लाउजं वाढतील."

माझं पहिल्या रविवारी काय झालं तेही सांगते. नाशिकला आमच्या घरमालकांकडे फोन होता आणि दर रविवारी सकाळी हे तिथे जाऊन बसायचे असं ठरलेलं. मी दुकानात आले. अक्कांनी बाकाकडे हात केला.

"अक्का, मी माझ्या नवऱ्याशी बोलणार आहे."

"मग? नवऱ्याला येळ फुकट यायलाय का? बसा बाई. काय बोलनार हाव?"

बाकावर आधीच एक कापसाचे व्यापारी आणि त्यांची बायको बसलेली. मी म्हटलं, "विशेष काही नाही."

"विशेष न्हाई तर फोन कशाला?"

"असंच. आठवण आली म्हणून."

अक्कांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "मग त्येच मुख्य की. उचलल्याबरुबर सांगा, आठवन आली. बाकी झालर."

व्यापाऱ्याच्या बायकोने तोंडाला पदर लावला. मी लाल होऊन केबिनमध्ये गेले आणि ठरवून टाकलं की असलं काही बोलायचं नाही. फोन लागला. "हॅलो," हे म्हणाले. मी म्हटलं, "गॅसची टाकी आली का?" काचेवर लगेच टकटक झाली.

गावातले एक पुढारी होते. मुंबईला कुणा साहेबांना फोन लावायला आले. पुढाऱ्याला बाकावर बसवायचं म्हणजे काय, पण अक्कांनी बसवलं. त्यांनी घसा खाकरून सुरुवात केली, "सन्माननीय साहेब, गोदाकाठच्या या पावन भूमीतून..." अक्कांनी हात वर केला. "साहेब, काम काय हाय?" काम म्हणजे पुतण्याच्या बदलीचं होतं. अक्का म्हणाल्या, "मग भूमी कशाला आनायलाव मधी? पुतन्याचं नाव, गावाचं नाव, आन् 'करा' म्हना." पुढारी भडकले. तुमचा बूथच काढून टाकतो म्हणाले. पण आत जाऊन बोलले ते अक्कांनी बेतून दिलेलंच, आणि पुतण्याची बदली झाली. तेव्हापासून ते मुंबईला फोन लावायचा असला की चिरंजीवाला आधी पाठवून विचारून घेत, अक्का मोकळ्या आहेत का.

असं सगळं बरं चाललेलं असताना दिगंबरचा फोन झाला.

दिगंबरची स्टँडसमोर पानपट्टी होती. हा अतिशय भिडस्त आणि आज्ञाधारक माणूस. त्याचा थोरला भाऊ औरंगाबादला नोकरीला, बहिणीही तिकडेच दिलेल्या. त्यांची आई पारूबाई इथे दिगंबरकडे असे. थोरल्याला गावाकडे फिरकायला सवड नव्हती, म्हणून म्हातारीच कंटाळून म्हणाली, मीच जाते. सकाळच्या गाडीत तिला बसवून दिगंबर थेट अक्कांकडे आला. त्याला सर्दी झाली होती, डोळे वाहत होते. मी शाळेत निघाले होते, दारातच थांबले, म्हणून हे सगळं माझ्यादेखत झालं.

"बस. काय बोलनार हाईस?"

दिगंबर नाक ओढत म्हणाला, "दादा, मी दिगू. नमस्कार. वैनी बऱ्या हायत का? आई आज सकाळच्या गाडीनं तुमच्याकडं यायला गेली. संगं लोणच्याची बरणी दिली हाय, ती वाकडी करू नका. तिला पान लागतंय, पिशवीत ठिवलंय. गाडी सांजच्याला पोचंल. तिला दिसत न्हाई नीट, तवा तुमी स्टँडवर लवकर या..."

"बास, बास. लोणचं आन् पान तिच्या पिशवीत हाय, ती सांगंल. मुख्य काय? आई गेली आन् स्टँडवर या. एवढंच. ऱ्हायलेलं आई पोचल्यावर बोलंल."

दिगंबरने मान डोलावली. आत गेला. भावाकडे फोन नव्हता, शेजाऱ्यांकडे होता. शेजाऱ्यांनी भावाला हाक मारली, तो धावत आला. दिगंबरने शिकवल्याप्रमाणे एका दमात सांगितलं, "दादा, आई गेली, स्टँडवर लवकर या," आणि आज्ञाधारकपणे रिसिव्हर खाली ठेवला.

"असं बोलावं!" अक्का खूश होऊन आम्हाला म्हणाल्या. "शिका जरा."

त्या दिवशी खरखर होती, एवढंच. खरखरीत नेमका एक शब्द गेला. औरंगाबादला पोचलं ते इतकंच: सर्दीने भरलेल्या आवाजात, "दादा, आई गेली... लवकर या," आणि खट्.

थोरल्याने शेजाऱ्यांच्या बैठकीतच हंबरडा फोडला. शेजारी शहाणे होते. ते म्हणाले, परत फोन लावून नीट विचारू. लावला. पण दिगंबर बाहेर पडतो न पडतो तोच आमच्याकडे उसाच्या एका गाडीत तार अडकली आणि वायरची ती फुलाफुलांची नळी भिंतीवरून लोंबायला लागली. लाईन गेली ती गेलीच. सोनपेठात घंटी वाजेना म्हटल्यावर शेजाऱ्यांनीही डोळे पुसले. दोन्ही बहिणींना निरोप गेले. भाड्याची जीप केली. सगळे मिळून रडत सोनपेठकडे निघाले.

म्हातारी पारूबाई एसटीत खिडकीशी बसली होती. तिने नंतर आम्हाला सांगितलं, "वाटंत एक जीप गेली बघा समोरून. मला दिसत न्हाई नीट, पन त्यात आमच्या थोरल्यावानी एक मानूस लय रडायला हुता. मी शेजारनीला म्हनलं, कुनाचं काय झालंय की. देवा, संभाळ रं त्यांनला."

दिवस कलताना जीप दिगंबरच्या पानपट्टीसमोर उभी राहिली. दिगंबर गिऱ्हाइकाला मसाला पान लावून देत होता. थोरल्याने उडी मारली आणि त्याच्या गळ्यात पडून मोठ्याने रडायला लागला. मागून बहिणी. आज्ञाधारक माणूस तो; सगळे रडतायत म्हटल्यावर दिगंबरही रडायला लागला. गिऱ्हाइकानेही हातातलं पान खाली ठेवलं. बऱ्याच वेळाने दिगंबरने हुंदके देत विचारलं, "दादा, पन कोन गेलं?"

थोरला सुन्न झाला. "आरं, आई गेली न्हवं?"

"हां, गेली की," दिगंबर म्हणाला. "सकाळच्या गाडीनं. तुमच्याकडं."

पुढचं मी सांगायला नको. सगळा जमाव अक्कांच्या दुकानावर आला. पुढे थोरला, त्याच्या मागे बहिणी, मागे अर्धा बाजार. दिगंबर मधेमधे "अक्कांनी तसंच बोलायला सांगितलं" म्हणून स्वतःची सुटका करून घेत होता. अक्का काजं करत बसल्या होत्या. त्यांना कळेना काय झालंय. कळलं तेव्हा त्यांच्या हातातून सुई पडली.

"बाई, तुमची अक्कल का काय म्हनायची ही!" थोरला ओरडला. "जित्या मानसाला मारलं तुमी! आमी वाटंत काय काय सोसलंय... माझी धाकटी बहीन दोनदा बेशुद्ध पडली. आन् आता माझी आई तिकडं कुलपासमोर एकलीच बसलेली आसंल, आंधळी-पांगळी!"

एरवी पुढाऱ्यालाही उत्तर देणाऱ्या अक्का, पण त्या दिवशी नुसत्या उभ्या राहिल्या. दोन्ही हातांनी मोजपट्टीची टोकं धरून. थोरला बोलून बोलून दमला आणि जीप परत फिरवून आईकडे गेला.

पारूबाई कुलपासमोर नव्हती. एसटीतल्या एका बाईने तिला घरापर्यंत आणून सोडलं होतं आणि कुलूप बघून ती शेजाऱ्यांच्या दारात गेली होती. दार शेजारणीने उघडलं. सकाळी तिच्याच फोनवर निरोप आलेला. समोर पारूबाई, हातात लोणच्याची बरणी. शेजारीण किंचाळून आत पळाली, आणि पारूबाईला वाटलं, शहरात पाहुण्याला घेण्याची हीच रीत असेल. ती आत जाऊन बसली.

या प्रकरणाने सोनपेठ महिनाभर हसत होतं. कुणी गावाला निघालं की बाकीचे म्हणत, "नीट सांग रं, पुरा गेलास का अर्धा?" हसल्या नाहीत त्या एकट्या अक्का. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी बाक रिकामा सोडला. लाईन जोडली गेली, गिऱ्हाइकं येऊ लागली, सवयीने बाकावर बसू लागली. अक्का खाली मान घालून म्हणत, "जा आत. लाव." बस्स. लोक चपापून आत जात. आत मोकळं रान मिळाल्यावर त्यांची धांदल उडे. पाऊस, पिंटू, गुडघा सगळं मनसोक्त होई, आणि बाहेर आल्यावर कपाळाला हात लावत. "च्यायला, ज्ये सांगायचं त्येच ऱ्हायलं!" पुन्हा आत. बूथचा गल्ला वाढला. अक्कांचं बोलणं मात्र संपलं.

पारूबाई परत आली तेव्हा थेट एसटीतून उतरून अक्कांच्या दुकानात आली. हातात पेढ्यांचा पुडा. मला वाटलं, आता ही काय बोलते कोण जाणे. म्हातारी बाकावर बसली आणि अक्कांच्या तोंडात पेढा कोंबून म्हणाली, "तुझं भलं होवो गं बाई. थोरला तीन वरसं आला न्हवता गावाकडं. माझ्यापायी लेकरू येवडं रडलं म्हने. लेकी बेशुद्ध पडल्या. मेल्यावर कुनाला बघायला भेटतंय ह्ये? मला जितेपनी भेटलं." मग पुढे वाकून हळूच म्हणाली, "त्यो आता दर महिन्याला यायचं म्हनतोय. न्हाई आला तर तू पुन्ना एकदा तसाच फोन लाव."

सगळं दुकान हसलं. अक्काही हसल्या, पण ओठांपुरत्या. दुसऱ्या दिवशीही बाक रिकामाच.

पुढच्या रविवारी मी फोन लावला. आम्ही बराच वेळ बोललो. बोललो म्हणजे भांडलो. माझी बदली का होत नाही यावर, घरमालकांनी भाडं वाढवलं त्यावर, दिवाळीला कुठे जायचं त्यावर. कुणी काचेवर टकटक केली नाही. शेवटी मी रागाने फोन ठेवला आणि बाहेर आले. दुकानात दुसरं कुणी नव्हतं. अक्का काही विचारणार नव्हत्या, हे मला माहीत होतं. पण त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मशीन थांबवली.

"बाई. मुख्य ऱ्हायलं."

"काय मुख्य?"

"तुमी सांगितलं न्हाई मला. पन मागल्या आठवड्यात ब्लाउज सैल करायला दिलाव. आन् आंबट गोळ्या मागवायलाव पानपट्टीतून." त्यांनी आवाज खाली आणला. "त्यांनला सांगितलं का?"

मी खाली बसले. सांगायलाच तर गेले होते. आठवडाभर मनात शब्द जुळवत होते. आणि घरमालकाच्या भाड्यावरून वाद घालून परत आले.

"जावा. परत लावा," अक्का म्हणाल्या.

मी गेले. लावला. या वेळी यांचं "हॅलो" पुरं व्हायच्या आत सांगून टाकलं. पलीकडून इतका वेळ काही आवाज आला नाही की मला वाटलं लाईन मेली. मग घरमालकांच्या बायकोचा आवाज आला, "अगं पोरी, काय सांगितलंस? तुझे हे खाली बसलेत नुसते, हसतायत की रडतायत कळेना."

बाहेर आले तेव्हा अक्कांनी माझ्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला. मी हसत होते, डोळे पुसत होते. म्हटलं, "अक्का, तुम्ही पुन्हा बाकावर बसवायला लागा लोकांना. त्या एका फोनमुळे कशाला सोडलंत? आणि लोकांचं मुख्य राहू नये म्हणून तुम्ही इतका जीव का टाकता?"

अक्कांनी हातातला ब्लाउज उलटा करून शिवण तपासली.

"आमच्या मालकाला छातीचं दुखनं लागलं हुतं," त्या म्हणाल्या. "औरंगाबादच्या दवाखान्यात ठिवलं. मला जाता आलं न्हाई. सासूबाई आंथरुनाला खिळलेल्या, त्यांचं हागनंमुतनं कोन काढनार? दीर गेला संगं. एक दिवस पोस्टातून मानूस पळत आला. ट्रंककॉल आलाय म्हने, औरंगाबादहून. मी मशीन तशीच टाकून पळाले. बाजारातून पळाले गं मी, डोईवरचा पदर पडला तरी. उचलला तर ह्यांचाच आवाज. दवाखान्यातून खाली उतरून आले हुते फोन करायला."

मी बाकावर टेकले.

"तवा तीन मिन्टं असायची. मी म्हनलं, ऐकू यायलंय का? जेवलाव का? गोळ्या घेतल्या का? थंडी हाय का तिकडं? इकडं सगळं बेस हाय, सासूबाई बऱ्या हायत, म्हस व्याली, रेडकू झालं. ह्ये दोनदा म्हनले, 'अगं, ऐक की जरा.' मी म्हनलं, तुमी बोलू नका, तुमाला दम लागंल. मीच सांगते. आन् सांगत ऱ्हायले. यक्सचेंजातली बाई मधी आली, म्हनली, 'तीन मिन्टं झाली.' खट्." अक्कांनी ब्लाउज सुलटा केला. "त्याच आठवड्यात गेले."

अक्कांनी सुईत नवा दोरा ओवला.

"त्यांना काय सांगायचं असेल?" मी विचारलं. विचारायला नको होतं, पण निघून गेलं तोंडातून.

"लय इचार केला मी. पयले वाटायचं, काय व्यवहाराचं आसंल. दिराला इचारलं, त्यो म्हनला, तसलं काई नव्हतं. मग वाटलं, दवाखान्यात न्हाई ऱ्हायचं, घरी न्या, आसं म्हनायचं आसंल. रातच्याला कधी वाटतं, आजून काय तरी आसंल." त्यांनी दोरा दातांनी तोडला. "आता आता वाटायलंय, काईच नसंल. नुसतं बोलायचं आसंल माझ्याशी. उगंच, कायबी. आन् मी त्यांनला बोलूच दिलं न्हाई."

इतक्यात एक जोडपं आत आलं. नवीन लग्न झालेलं दिसत होतं. पोरीच्या हातातला चुडा अजून कोरा होता. तिला माहेरी आईला फोन करायचा होता. ती घाबरत बाकाकडे वळली. तिच्या नवऱ्याने बहुतेक गावातली रीत तिला सांगून ठेवली असावी.

"बसू नगं," अक्का म्हणाल्या. "जा पोरी आत. बोल."

पोरगी आत गेली. पलीकडून आईचा आवाज येताच तिला हसू फुटलं. ती काही सांगेना, काही विचारीना. नुसती "आई गं," म्हणे आणि हसे. मग जरा वेळाने म्हणे, "काई न्हाई गं, उगंच," आणि पुन्हा हसे. मीटरचे आकडे पळत होते. नवरा कासावीस होऊन एकदा मीटरकडे आणि एकदा बायकोकडे बघत होता. शेवटी तो काचेवर टकटक करायला पुढे झाला.

अक्कांनी बसल्या जागेवरून हात पुढे करून त्याला थांबवलं.

"ऱ्हाऊ दे रं," त्या म्हणाल्या. "बोलू दे तिला."